हवेतलं चाक

खालचं गाव
२७ सप्टेंबर

ताई,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करावी, असं आपल्याला शाळेत शिकवलं होतं. म्हणून लिहितो. वादळ गेलं, बांधाबांधावर लाल फुलं उभी राहिली, आभाळ धुतल्यासारखं झालं. तुझ्याकडे येणारा रस्ता मात्र धुतल्यासारखा झालेला नाही. तो धुऊनच गेला.

काल माझी छोटी जिम्नी गाडी घेऊन तुझ्याकडे निघालो होतो. देवदारांच्या रानापर्यंत सुखाने आलो. पुढे ओहोळाने रस्त्याचा लचका तोडलाय, तिथे उतरून पाहणी केली. कमरेवर हात ठेवून, जाणत्या माणसासारखी मान हलवली. मग गमबूट काढून गाडीत बसलो. तुला माहीत आहे, गाडीत नवं कार्पेट आहे आणि तुझ्या भावजयीला, हात्सुएला, त्यावर चिखलाचा ठिपका खपत नाही. खरं सांगायचं तर मलाही. बूट ठेवायला गाडीत ताट आहे, पण माझं डोकं असं, की घरात शिरावं तसं मी सवयीने बूट बाहेरच काढले आणि रस्त्याकडेला नीट जोडीने ठेवून दिले.

गाडी सुरू केली. मागचं एक चाक हवेत गरागरा फिरलं, चिखल उडाला, इंजिन ओरडलं, मी ओरडलो. बऱ्याच वेळाने हताश होऊन दार उघडलं, पाय खाली टाकला, तर तो थेट गमबुटातच. म्हणजे मी आणि बूट, दोघेही जागचे हललो नव्हतो.

गाडी उताराने मागे सरकवत कशीबशी परत आणली. मुद्दा असा की या हिवाळ्यात तू खाली ये. वरच्या वाडीत आता तुझ्या एकटीच्या घरातून धूर निघतो. फोनची तार पडली ती तू जोडूही दिली नाहीस. शहात्तराव्या वर्षी विहिरीपाशी बर्फावरून पाय घसरला तर कळणार कुणाला? हात्सुएने उत्तरेची खोली झाडून ठेवलीय. दुकानातल्या शेगडीशी बसशील, गिऱ्हाइकांच्या गप्पा ऐकशील. न्हाव्याच्या दुकानाइतकी करमणूक अख्ख्या खोऱ्यात दुसरी नाही.

गेन्झो


वरची वाडी
२ ऑक्टोबर

गेन्झो,

हवा मलाही दिसते. ती लिहून कागद भरत जाऊ नकोस.

तानिगुची पोस्टमन ओहोळातून चालत वर आला. असा चिंब झाला होता की पत्र पिळून वाचावं लागलं. त्याला लाल सलगमचं लोणचं आणि गरम चहा दिला. म्हणाला, "आजी, खाली या हो, माझे गुडघे वाचतील." मी म्हटलं, "बाबा, तुझे गुडघे सरकारचे, माझं घर माझं."

मी खाली येत नाही. लाकडं फोडून रचली आहेत, सोयाबीनच्या मिसोचं पिंप भरलंय, मुळे मातीत पुरायचे तेवढे बाकी आहेत. सकाळी तुझ्या भावोजींच्या, इवाओच्या, देव्हाऱ्यातल्या पाटीसमोर चहा कोण ठेवणार? त्याला गार चहा चालत नाही. मेल्यावर तरी कशाला चालवून घेईल?

तरी तू एवढं म्हणतोयस, तर ऐक. ज्या दिवशी तुझी ती खेळण्यातली गाडी माझ्या दारात येऊन उभी राहील, त्या दिवशी मी तिच्यात बसेन आणि हिवाळाभर खाली राहीन. कुणाच्या पाठुंगळीला बसून येणार नाही, की झोळीत घालून आणलेलं चालणार नाही. गाडी दारात आली पाहिजे. हा माझा शब्द.

इवाओ लाकडाचा ट्रक याच दारात आणायचा. पण तो ड्रायव्हर होता. तू डोकी भादरतोस.

तोमिए


खालचं गाव
९ ऑक्टोबर

ताई,

शब्द दिलास, आता फिरू नकोस. हवापाणी लिहीत नाही, तुझा राग नको.

गाडीचं दुखणं मी शोधून काढलं. मागच्या एक्सलच्या मधोमध एक लोखंडी गड्डा असतो, त्यात डिफरेन्शियल नावाचं यंत्र. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी, म्हणून हे यंत्र दोघांना आपापल्या चालीने जाऊ देतं. सपाट रस्त्यावर फार शहाणं. पण एक चाक हवेत उचललं गेलं, की त्याची अक्कल जाते. हवेतल्या चाकाला ना भार ना काम, तेच फुकट गरगरत राहतं आणि सगळी पळापळ त्याच्याच वाट्याला येते. जे बिचारं जमिनीवर पाय रोवून उभं असतं, ते तसंच उभं राहतं.

यावर इलाज आहे, त्याला लॉकर म्हणतात. तो त्या गड्ड्यात बसवायचा. बटण दाबलं की हवेच्या दाबाने दोन्ही चाकं एका जुवाला जुंपल्यासारखी बांधली जातात. एक फिरलं की दुसऱ्याला फिरावंच लागतं, मग ते जमिनीवर असो की हवेत. ताकायामा शहरातल्या दुकानातून मागवलाय. काल आला. खोका भाताच्या कुकरएवढा, वजन मात्र त्यात पाटा घातल्यासारखं. सोबतचा कागद परक्या भाषेत आहे, पण चित्रं छान आहेत.

गॅरेजवाल्याला विचारायला गेलो, तर म्हणाला, "गेन्झोसान, हे काम आम्हीसुद्धा जपून करतो. इथे ठेवून जा."

मी म्हटलं, "चाळीस वर्षं लोकांच्या गळ्याला वस्तरा लावतोय. एकही कापला नाही."

तो म्हणाला, "गळ्याला या चाकांसारखे दात नसतात, गेन्झोसान."

आता मला हे स्वतःच करणं भाग आहे, हे तुला कळलंच असेल.

गेन्झो


वरची वाडी
१४ ऑक्टोबर

गेन्झो,

तुझं डिफरेन्शियल मला एका वाचनात समजलं. आपलं घरच ते. तू हवेत गरगरायचास आणि आई सगळं तुझ्याच ताटात वाढायची. मी खाली चिखलात पाय रोवून भात लावत असायचे. सणाच्या तांदळाच्या मोचीचा शेवटचा तुकडा कुणाला जायचा? रागाने लिहीत नाही. हवेत फिरताना तू गोड दिसायचास, हेही खरं.

एक विचारते. दोन्ही चाकं एका दांड्याला बांधलीस, तर वळणार कसा? ओहोळ चढला की लगेच ते उलटं वळण आहे. इवाओ तिथे ट्रक तीनदा मागेपुढे करायचा. एका जुवातल्या दोघांनी सरळच जायचा हट्ट धरला, तर गाडी सरळ दरीत.

आणि चाक नेमकं कुठे उचललं गेलं तुझं? वरच्या खड्ड्यात की खालच्या? सहज विचारतेय. वेळ जात नाही म्हणून.

आज मुळे काढले. यंदा चांगले पोसलेत.

तोमिए


खालचं गाव
२४ ऑक्टोबर

ताई,

झालं! लॉकर बसला. जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण हात्सुए तुला सांगेलच आणि तिची हकिगत माझ्याइतकी दयाळू नसेल.

गाडी उचलून ओंडक्यांवर ठेवली, चाकं काढली. मग एक्सलमधलं जुनं ऑइल सोडायचं होतं. परातीत धरायचं ते बाहीत धरलं. त्याचा वास सांगू? कुजलेल्या लसणात कुणी रबर जाळावं तसा. हात्सुएने साबण आणि बादली अंगणातच आणून दिली आणि आतून कडी लावून घेतली.

दोन्ही बाजूंचे दांडे ओढून काढले, मग मधला गड्डा बाहेर घेतला. कलिंगडाएवढा दिसतो, पण छातीशी धरला तर मी बसलो तो बसलोच. शेजारच्या दोघांनी मला आणि गड्ड्याला वेगवेगळं केलं.

त्यात क्राऊन म्हणून एक मोठं दातेरी चाक असतं. ते जुन्या यंत्रावरून सोडवून लॉकरवर चढवायचं, मग त्याचे दात समोरच्या लहान चाकाच्या दातांशी नेमके बसवायचे. त्यासाठी दातांना रंग फासून फिरवतात आणि ठसा कुठे उठतो ते पाहतात. ठसा दाताच्या मधोमध हवा. त्यासाठीचा पिवळा रंग माझ्याकडे कुठला? मग डोकं चाललं. घरचा शिक्का मारायची लाल शाई! लग्न, जमीन, दुकान, आपल्या सगळ्या कागदांवर जिचा ठसा उठला, तीच क्राऊनच्या दातांना फासली. पहिला ठसा दाताच्या टोकाला उठला, दुसरा बुडाशी. बेरिंगच्या कड्या केसभर फिरवायच्या असतात. पण ताई, केसभर म्हणजे किती, हे या खोऱ्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक? संध्याकाळी ठसा मधोमध उठला. हात्सुएला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "सुरेख. आता बँकेच्या कागदावर काय लावायचं?"

सगळं बंद केलं आणि पाहतो, तर एक बोल्ट उरलेला. पुन्हा सगळं उघडलं, मोजलं, कुठेच कमी नाही. पुन्हा बंद केलं. दुसऱ्या दिवशी आपला ओगुरा दाढीला आला. गावच्या अग्निशमन दलाचा कप्तान तो, अंगाने भरलेला. खुर्चीत टेकला आणि तोंडाला फेस लावलेला तसाच उताणा पडला. बोल्ट गाडीचा नव्हताच. पान्याचं माप पाहायला मी खुर्चीचाच एक बोल्ट सोडवला होता, ते विसरलो होतो.

आता बटणाची गोष्ट. गाडीतल्या तारांच्या गुंत्यातली मला एकच तार ओळखू येते, ती हॉर्नची. म्हणून लॉकरची तार तिलाच जोडली. हॉर्न दाबला की लॉकर लागतो, सोडला की सुटतो. आपल्याकडे हॉर्न वाजवणं म्हणजे भरल्या पंगतीत ढेकर देणं, हे मला कळतं. पण रानात ऐकतंय कोण? तुझ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं. वळण आलं की हॉर्न सोडायचा, चाकं मोकळी, गाडी वळते.

चाक वरच्या खड्ड्यात उचललं गेलं. मोठा सपाट दगड आहे ना, त्याच्या अलीकडे. मागचं डावं, ओहोळाच्या अंगाचं. पण तुला काय त्याचं? आता ते उचललं गेलं तरी बेहत्तर.

तीन नोव्हेंबरला सुट्टी आहे आणि पंचांगात दिवसही शुभ आहे. त्या दिवशी येतो. बोचकं बांधून ठेव.

गेन्झो


वरची वाडी
२९ ऑक्टोबर

गेन्झो,

ये. बोचकं कशाला बांधू? आधी गाडी दारात दिसू दे.

जास्त लिहीत नाही, कंबर धरलीय. मुळे काढताना धरली असेल. हातही खरखरीत झालेत, अक्षर वाकडं येतंय.

गाडीला त्या ऑइलचा वास येत असेल, तर खिडक्या उघड्या ठेवून ये.

तोमिए


खालचं गाव
५ नोव्हेंबर

ताई,

तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून लिहून दाखवतो. परवा वर जे झालं ते तू पाहिलंस. त्याच वेळी खाली काय चाललं होतं, ते ऐक.

सकाळी निघण्याआधी दुकानाच्या दारावर कागद लावला. आपल्या धंद्याची रीत म्हणून जरा नम्रपणे लिहिलं होतं: "आजवर आपण सर्वांनी जो लोभ केलात, त्याचं ऋण फेडता येण्यासारखं नाही. आज दुकान बंद आहे." हात्सुए बहिणीकडे ताकायामाला गेलेली.

ओहोळापाशी उतरलो. वाट पाहून घेतली. गमबूट काढले आणि गाडीत बसलो. होय, पुन्हा. पुन्हा कडेलाच आणि पुन्हा जोडीने. या वेळी बोटं दरीकडे. मग हॉर्न दाबला आणि निघालो. ताई, गाडी चढली! मागे जिथे अडकलो होतो, तिथे हिसका बसला, बुडाला खडखड झालं, आणि कुणीतरी शेपटीला धरून वर ओढावी तशी गाडी वर. वळणावर हॉर्न सोडला, गाडी वळली. तुझं छप्पर दिसलं तेव्हा मी मोठ्याने गात होतो. मग मोज्यातला पाय क्लचवरून सटकला आणि गाडी अक्रोडाच्या झाडाखाली बंद पडली.

पुढचं तू जाणतेस. मी उतरलो, छाती काढून म्हटलं, "आली की नाही गाडी?"

तू घराकडे बोट दाखवलंस. "ते दार. हे अक्रोडाचं झाड."

"अगं, वीस पावलं तर आहेत!"

"मग चालव वीस पावलं. आणि बूट कुठे तुझे?"

तेव्हा मला कळलं की मी मोज्यांवर उभा आहे. तू हसत सुटलीस. "बूट नाहीत ते बरं झालं, सरळ आत ये. चहा घे, मग चालव तुझी वीस पावलं." आणि मी आत येऊन बसलो, तो दुपारपर्यंत. माझं चुकलं. आधी वीस पावलं, मग चहा.

त्याच वेळी तानिगुची सुट्टी म्हणून रानात मशरूम शोधत होता. त्याने दरीच्या बाजूने एक लांबच लांब हॉर्न ऐकला. तो थांबला. मग सगळं शांत. धावत आला तर गाडी नाही, माणूस नाही आणि काठावर माझे गमबूट जोडीने मांडलेले. दरीच्या काठावर नीट लावून ठेवलेली पायताणं म्हणजे माणसाने उडी घेऊन जीव दिला, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तो रडत खाली पळाला, दुकानापाशी आला आणि दारावरचा कागद वाचला.

मग गावची घंटा. ओगुरा आणि त्याच्या दलातली पोरं जेवणावरून उठून दोर घेऊन आली. दरीत उतरली, कमरेएवढ्या गार पाण्यात शिरली, बांबूने डोह ढवळले. गाडी वर गेली असेल, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. टायरचे ठसे वर जात होते, ते सगळ्यांनी पाहिले. "कशाचे तरी असतील," म्हणाले. माझ्या कामाला मिळालेली ही खरी पावती.

काल प्रत्येकाच्या दारात जाऊन, वाकून, मोचीचा डबा देऊन आलो. अख्ख्या दलाची हजामत वर्षभर माझ्याकडे. तानिगुची अजून बोलत नाही. पत्र देतो आणि तोंड फिरवतो.

शब्द पुरा झाला नाही, हे मान्य. पुन्हा येऊ का, हे विचारायचीही हिंमत नाही. पण कालपासून डोंगरमाथ्यावर पांढरं दिसतंय.

गेन्झो


वरची वाडी
८ नोव्हेंबर

गेन्झो,

खालचं तू लिहिलंस. आता वर काय झालं ते लिहिते, कारण तू समोर असून पाहिलं नाहीस.

दार वाजलं. तू तोंडात लोणचं कोंबून बसला होतास. मी उघडलं तर ओगुरा. ओलाचिंब, कुडकुडत होता. डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली. मागे चार-पाच पोरं माना खाली घालून. दरीतल्या पायवाटेने मागच्या अंगाने चढून आले होते, अक्रोडाखालची गाडी त्यांना दिसलीच नव्हती. तो माझ्यासमोर कमरेत वाकला आणि म्हणाला, "तोमिएसान, मन घट्ट करा. गेन्झोसान..." एवढा दांडगा माणूस, हातातली टोपी पिळत राहिला.

आणि माझ्या मागून तू, चहाचा पेला हातात, "अरे ओगुरा! काय झालं? कोण गेलं?"

त्याचं तोंड तू पाहिलंस? तो तुला मिठी मारणार की मुस्काटात मारणार, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना. शेवटी माझ्या उंबऱ्यावर मटकन बसला आणि हसायला लागला. मग सगळेच. तूही. मला तेवढं हसू येईना.

मी त्याच्या गुडघ्याकडे बघत होते. पँट फाटली होती, रक्त पायावरून ओघळून मोज्यात जात होतं. त्याला पत्ताच नव्हता. मी फडकं बांधलं, तर म्हणाला, "असू दे हो, घसरलो थोडा." धाकट्या पोराचे ओठ निळे पडले होते.

गेन्झो, मला वाटायचं हा माझा आणि डोंगराचा व्यवहार आहे. पडले तर मी पडेन, गारठले तर मी गारठेन. कुणाच्या बापाचं काय जातं? ही पोरं मी हिशेबात धरलीच नव्हती. तू तर मेलाही नव्हतास, लोणचं खात होतास, तरी आली. माघात मी विहिरीपाशी पडले, चार दिवस धूर दिसला नाही, तर हीच येणार. हेच गुडघे, आणि बर्फातून. यायचं नाही, असं मी सांगितलं तरी ऐकणार आहेत का?

तेव्हा बारा तारखेला ये. अक्रोडापर्यंत मी चालत येईन, म्हणजे वीस पावलांचा तंटा नको. इवाओची पाटी मांडीवर घेईन, लोणच्याचं पिंप मागे ठेव. तुझ्याकडे सकाळी चहा उकळता लागेल, त्याचं तोंड भाजेल इतका.

आणि ती हॉर्नची तार आधी सोडव. मी मिरवणुकीने येणार नाही.

तोमिए


खालचं गाव
१० नोव्हेंबर

ताई,

तार गॅरेजवाल्याने सोडवली. वेगळं बटण बसवून दिलं. बसवताना तो एक शब्द बोलला नाही, हे त्याचे उपकार.

गाडीत जुनी चटई अंथरलीय. बूट घालून बसणार आणि बूट घालूनच उतरणार. हात्सुएने परवानगी दिली, एवढंच नव्हे, कार्पेट स्वतःच्या हाताने काढून ठेवलं.

बारा तारखेला सकाळी निघतो. ओगुरा म्हणतो, "निघताना दुकानाच्या दारावर काहीही लिहू नका."

गेन्झो


वरची वाडी
२२ एप्रिल

गेन्झो,

तू सोडून गेलास त्याला आठ दिवस होतील. घर ठीक आहे. उंदरांनी एक गादी खाल्ली, विहिरीचं झाकण वाऱ्याने नेलं. कोवळे नेचे वर आलेत, तानिगुचीबरोबर जुडी पाठवलीय. हात्सुएला सांग, राखेच्या पाण्यात ठेवून कडूपणा काढल्याशिवाय रांधायचे नाहीत. तानिगुची आता तुझ्याशी बोलतो ना? माझ्याशी बोलत होता. म्हणाला, "आजी, तुमच्या भावाचे बूट दिसले की मी अजून आधी दरीत डोकावतो."

हिवाळा बरा गेला. तुझी उत्तरेची खोली गार आहे, पण शेगडीपाशी करमलं. इवाओला रोज गरम चहा मिळाला. आता एक गोष्ट राहिली, ती सांगून टाकते.

हिवाळाभर त्या बाकावर बसून मी ऐकलं. जे गिऱ्हाईक येईल, त्याच्या तोंडाला फेस लावायचा आणि ते बोलू शकत नाही असं पाहून लॉकरची गोष्ट सुरू करायची. ओहोळ कसा तोंड वासून होता, यंत्र कसं भिडलं, जणू कुणी शेपटीला धरून गाडी वर ओढली! मी स्वेटर विणत राहिले. तुझ्या गिऱ्हाइकांसमोर तुझं नाक कशाला कापू?

माझ्या वरच्या वाफ्याचा दगडी बांध तेवढा रचायला ये. त्याच्या निम्म्या दगडांना पाय फुटले. खड्डा कोणता ते तुझ्या पत्रातून कळल्यापासून तू येईपर्यंत, रोज थोडे थोडे पाठीवर ओझं वाहायच्या लाकडी चौकटीत घालून मी ते ओहोळात नेऊन टाकले. वरच्या खड्ड्यात, सपाट दगडाच्या अलीकडे, डाव्या अंगाला. कंबर मुळ्यांनी नव्हती धरली. तुझं यंत्र चांगलंच असेल. पण चाक हवेत असलं, तर दुसराही एक इलाज असतो. त्याच्याखाली जमीन सरकवायची. तू लहान होतास तेव्हापासून मला तो ठाऊक आहे.

मग शब्दाची अट तरी का घातली, असं विचारशील. मला खाली यायचं नव्हतं. आणि तू आला नसतास तर तेही मला सोसवलं नसतं. याच्यापुढे विचारू नकोस.

इवाओचे जुने गमबूट सापडले. धुऊन, वाळवून दारात ठेवलेत, बोटं बाहेरच्या बाजूला करून. तुला अर्धं बोट मोठे होतील, कागद कोंबून घाल.

तोमिए


खालचं गाव
२६ एप्रिल

ताई,

नेचे राखेच्या पाण्यात ठेवलेत. हात्सुए म्हणते, जुडी मोठी आहे, निम्मी ओगुराकडे धाडते. त्याचा गुडघा बरा आहे. परवा नव्या खुर्चीत बसण्याआधी त्याने ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली.

आता मीही एक सांगून टाकतो. दगड मी तेव्हाच ओळखले होते.

वरचा वाफा बांधला तेव्हा भावोजींनी कोपऱ्यातल्या दगडावर छिन्नीने आपलं नाव कोरायला घेतलं होतं, आणि निम्म्यावर छिन्नी मोडली. आठवतं? तोच दगड तीन नोव्हेंबरला माझ्या चाकापुढे होता, अर्धं नाव वरच्या अंगाला करून. मी खाली उतरून पाहणी केली ती जाणत्याची नव्हती. तिथे उकिडवा बसून राहिलो होतो. मग कुठे बूट काढायचे आणि कुठे ठेवायचे, याचं भान राहिलं नाही. अक्रोडाखाली पाय सटकला, त्यातही मोज्याचा दोष थोडाच होता. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

बोललो नाही, कारण तुला ओळखतो. "ताई, दगड पाहिले," एवढं म्हटलं असतं, तर तू ते दुसऱ्या दिवशी पाठीवर घालून परत नेले असतेस आणि हिवाळाभर वरच बसली असतीस. म्हणून यंत्राची फुशारकी मारत बसलो. ती सवय माझ्या अंगची आहे, तिच्याखाली काय काय झाकता येतं ते तुला कुठे ठाऊक! पण गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावायचो, तेव्हा आरशात तू दिसायचीस. विणता विणता तुझा एखादा टाका चुकायचा आणि तू उसवायचीस. तेव्हा मी गोष्ट आणखी वाढवून सांगायचो.

तर येत्या रविवारी बांध रचायला येतो. तुझे दगड ओहोळातून उचलणार नाही, ते तिथेच राहू देत. नोव्हेंबरात लागतील. नदीतून दुसरे आणतो, ते ओढायला हे यंत्र आहेच.

तानिगुचीला आधीच सांगून ठेवलंय, म्हणजे घंटा वाजायला नको. आणि गाडीत कार्पेट परत घातलंय, तेव्हा मोज्यांवरच येईन. बूट बरोबर आणत नाही. तुझ्या दारात आहेत ना.

गेन्झो